हायड्रोजन आणि जुनाट दुखणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, मान, गुडघे, सायटिका घेऊन येणाऱ्या माणसांमध्ये माझा दिवस जातो. "हायड्रोजन वॉटर सुरू करू का?" हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच. माझ्या आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, त्यामुळे तो आमच्या घरातही येऊन गेला, आणि महागात पडला. तेव्हापासून या विषयावरचे मूळ शोधनिबंध मी मिळवून वाचत आले. मला परत परत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पाण्यात हायड्रोजन असतोच ना? मग वेगळा कशाला?

पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन ऑक्सिजनला घट्ट बांधलेला असतो, तो सुटा होऊन शरीरात काही करत नाही. संशोधन चालू आहे ते सुट्या हायड्रोजन वायूवर. सोड्याच्या बाटलीत जसा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तसा हा वायू पाण्यात विरघळवतात. फरक एवढाच की हायड्रोजन फार कमी विरघळतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात साधारण १.६ मिलिग्रॅम, म्हणजे १.६ पीपीएम (दहा लाख भागांत १.६ भाग). त्याहून जास्त हवा असेल तर दाबाखाली भरावा लागतो. आणि ग्लास उघडा ठेवला की तो उडून जाऊ लागतो.

पाण्याखेरीज हा वायू हुंगायला देतात किंवा सलाइनमध्ये मिसळून शिरेतून देतात. प्रयोगांमध्ये असे वेगवेगळे मार्ग वापरलेले असतात. म्हणून "हायड्रोजनने फरक पडला" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या मार्गाने आणि किती?

हायड्रोजन पेरॉक्साइड तेच का?

नाही, मुळीच नाही. पेरॉक्साइड हे जखम धुवायचं, केस ब्लीच करायचं रसायन आहे. ते प्यायल्याने घसा आणि पोट भाजतं, रक्तात वायूचे बुडबुडे जाऊन जीवही जाऊ शकतो. एका पेशंटच्या मुलाने "पाण्यात दोन थेंब टाकून घेऊ का?" असं मला खरंच विचारलं होतं, म्हणून हा प्रश्न यादीत वर ठेवला आहे.

वैद्यकशास्त्रात हायड्रोजन आला कुठून?

आधी तो आला खोल समुद्रात. फार खोल उतरणाऱ्या पाणबुड्यांना श्वासासाठी हलका वायू लागतो. फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीने १९९२ मध्ये दाबाच्या बंद खोलीत ७०१ मीटर खोलीइतक्या दाबाला माणसाला नेलं, तेव्हा श्वासाच्या मिश्रणात हायड्रोजन होता. त्यामुळे हा वायू शरीराला विषारी नाही हे बऱ्यापैकी ठाऊक झालं होतं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्वचेचा कर्करोग असलेल्या उंदरांना प्रचंड दाबाखाली हायड्रोजन देऊन पाहिला होता, पण तो धागा तिथेच राहिला.

खरी सुरुवात २००७ ची. जपानमधल्या निप्पॉन मेडिकल स्कूलचे शिगेओ ओहता आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये निबंध छापला. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडून पुन्हा सुरू केला की पेशींचं मोठं नुकसान होतं. अशा उंदीरवर्गीय प्राण्यांना हायड्रोजन हुंगवल्यावर ते नुकसान कमी झालं. त्यांचं म्हणणं असं, की हायड्रोजन सगळ्या मुक्त कणांच्या (फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे उतावळे कण) मागे लागत नाही, हायड्रॉक्सिल नावाच्या सर्वांत घातक कणालाच निवडून निकामी करतो. त्यानंतर जपान, चीन, कोरियामध्ये या विषयावर निबंधांची रीघ लागली.

पण दुखण्याशी त्याचा संबंध काय?

आधी जुनाट दुखणं म्हणजे काय ते पाहू. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं जुनाट समजतात. अशा दुखण्यात मूळ जखम कधीच भरून आलेली असू शकते. इजा झालेल्या नसेतून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जूतल्या आधार देणाऱ्या पेशी, ज्यांना ग्लिया म्हणतात, चेकाळतात. त्या दाहाची रसायनं सोडतात, नसा अधिक हळव्या होतात, आणि पांघरुणाचा साधा स्पर्शही आगीसारखा लागतो. नागीण येऊन गेलेल्या माणसाला विचारा, सदरा अंगाला लागू न देणं म्हणजे काय ते तो सांगेल.

या साखळीत घातक मुक्त कणांचा वाटा असतो. हायड्रोजन ते कमी करत असेल तर साखळी सैल पडेल, अशी कल्पना आहे.

कल्पना म्हणून ती मला पटते. पण तिच्यात एक अडचण आहे आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. हायड्रॉक्सिल कण इतका उतावळा असतो की समोर येईल त्या रेणूवर तो तत्क्षणी तुटून पडतो. हायड्रोजनशी त्याची प्रक्रिया त्या मानाने मंद असते, आणि पेशीत हायड्रोजन असतोही अगदी थोडा. म्हणजे गर्दीत त्याला गाठणं हायड्रोजनला अवघडच. शिवाय प्यायलेला हायड्रोजन तासाभरात श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून आता बरेच संशोधक वेगळ्या दिशेने पाहतात. हायड्रोजन स्वतः लढत नसेल, पेशीची स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी करत असेल, असं ते म्हणतात. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन त्यात महत्त्वाचं मानलं जातं. पण हायड्रोजन नेमका कुठे जाऊन बसतो, पहिली कळ कुठली दाबतो, याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय दिसलं?

हा भाग सर्वांत भक्कम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उंदराला "दुखतंय का?" असं विचारता येत नाही. त्याला जाळीच्या फरशीवर ठेवतात आणि खालून नायलॉनचा बारीक केस तळपायाला टेकवतात. प्रत्येक केस ठरावीक जोर लावला की वाकतो. धडधाकट उंदीर हलक्या केसाची दखलही घेत नाही. मांडीतली सायटिक नस अर्धवट बांधलेला उंदीर मात्र त्याच हलक्या केसाला पाय झटकन उचलतो, कधी तो चाटत बसतो. उष्णतेलाही असाच लवकर पाय काढतो. पाय किती जोराला किंवा किती सेकंदांनी उचलला, त्यावरून दुखण्याचं माप काढतात.

२०१४ मध्ये जपानी संशोधकांनी अशा उंदरांना हायड्रोजनयुक्त पाणी पाजलं. स्पर्शाचं दुखणं आणि उष्णतेचं दुखणं, दोन्ही कमी झाली. मला त्या निबंधात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. त्यांनी काही उंदरांना हे पाणी फक्त पहिले चार दिवस दिलं, तर काहींना चौथ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत. सुरुवातीला दिलेल्यांमध्ये दोन्ही प्रकारचं दुखणं उतरलं. उशिरा सुरू केलेल्यांमध्ये उष्णतेचं दुखणं कमी झालं, पण स्पर्शाचं नाही.

माझ्याकडे येणारी माणसं चौथ्या दिवशी येत नाहीत. ती चौथ्या वर्षी येतात, दोन एमआरआय, तीन डॉक्टर आणि एक मांत्रिक करून. उंदरातसुद्धा मुरलेल्या दुखण्यावर असर अर्धवट होता, हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

त्याच वर्षी चीनमधल्या गटाने हायड्रोजनयुक्त सलाइन थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडून पाहिलं, तेव्हा ग्लिया पेशींची चेकाळ कमी झालेली दिसली. बार्सिलोनातल्या संशोधकांनी पुढे जुनाट दुखण्याबरोबर येणारी चिंता आणि उदासी उंदरांत मोजली आणि तीही उतरल्याचं नोंदवलं. हे काम मला जवळचं वाटतं, कारण दुखणारा माणूस नुसता दुखत नाही, तो झोपेतून आणि माणसांतून उठतो.

माणसांवर काय झालं?

आमवाताचा अभ्यास सर्वांत जास्त सांगितला जातो. २०१२ मध्ये जपानात २० रुग्णांनी रोज ५३० मिलिलिटर, ४ ते ५ पीपीएमचं पाणी चार आठवडे घेतलं, मग चार आठवडे बंद केलं, मग पुन्हा चार आठवडे घेतलं. आमवाताचा जोर मोजायला डॅस-२८ नावाचा गुणांक वापरतात. २८ सांध्यांतली सूज, दुखरेपणा, रक्ताची तपासणी आणि रुग्णाचं स्वतःचं म्हणणं यांवरून तो काढतात. पहिल्या टप्प्यात तो सरासरी ३.८३ वरून ३.०२ वर आला, शेवटी २.२६ वर.

आकडे देखणे आहेत. पण या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता. साधं पाणी पिणारं कुणी नव्हतं आणि आपण काय पितोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा : पाणी बंद असलेल्या चार आठवड्यांतही गुणांक उतरतच राहिला, ३.०२ वरून २.८३ वर. असर मागे रेंगाळला असेल. किंवा ती उतरण पाण्यामुळे नसेलच. तुलनेचा गट नसल्याने हे ओळखायला मार्ग नाही.

त्याच गटाने २०१४ मध्ये चूक सुधारली. २४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, कुणाला काय दिलं हे रुग्णाला किंवा डॉक्टरला माहीत नाही. पाच दिवस रोज ५०० मिलिलिटर सलाइन. हायड्रोजनच्या गटात गुणांक ५.१८ वरून ४.०२ आणि चार आठवड्यांनी ३.७४ झाला, साध्या सलाइनच्या गटात तसा फरक पडला नाही. हा अभ्यास मला आश्वासक वाटतो. मात्र चोवीसच माणसं, आणि मार्ग शिरेतून, ग्लासातून नव्हे.

आता नेमका जुनाट दुखण्याचा अभ्यास. मूत्राशयाच्या जुनाट दाहात ओटीपोट सतत दुखतं आणि लघवीला वारंवार जावं लागतं. हे बायकांचं फार दुर्लक्षित दुखणं आहे. २०१३ मध्ये जपानात अशा ३० रुग्णांवर हायड्रोजन पाणी आणि नकली पाणी यांची आठ आठवडे तुलना झाली. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. थोड्या रुग्णांना मात्र चांगलाच आराम पडल्याचं लेखकांनी नोंदवलं, पण एकूण निष्कर्ष वापराच्या बाजूने नव्हता. विक्रेत्यांच्या पत्रकात हा अभ्यास मला एकदाही दिसलेला नाही.

छोट्या अभ्यासात गुण आला, मग मोठ्यातही येईलच ना?

कंपवाताचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये जपानात विसाहून कमी रुग्णांवर छोटी चाचणी झाली. रोज एक लिटर, ४८ आठवडे. हायड्रोजनवाल्यांचे गुण सुधारले, दुसऱ्यांचे ढासळले. सगळ्यांना हुरूप आला. मग त्याच लोकांनी मोठी चाचणी केली, १७८ रुग्ण, ७२ आठवडे, आणि २०१८ मध्ये निकाल छापला : फरक नाही. आपलाच आधीचा निकाल टिकला नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे छापलं, याबद्दल मला त्या डॉक्टरांविषयी आदर वाटतो.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांवरच्या चाचणीत चित्र थोडं वेगळं होतं. जपानमधल्या १५ रुग्णालयांत, ७३ रुग्णांना १८ तास ऑक्सिजनबरोबर २ टक्के हायड्रोजन किंवा नुसता ऑक्सिजन दिला. ज्या मुख्य निकषासाठी (मेंदूचं काम चांगलं राहिलेले रुग्ण) चाचणी आखली होती त्यात ५६ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा फरक दिसला, पण तो योगायोग नव्हे असं म्हणण्याइतका पक्का नव्हता. ९० दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण मात्र ८५ विरुद्ध ६१ टक्के होतं. कोविडमुळे चाचणी आधीच थांबवावी लागली. म्हणून "हायड्रोजन म्हणजे थोतांड" असंही मी म्हणत नाही. इथे खरं विज्ञान चालू आहे, फक्त ते अर्ध्या वाटेवर आहे.

मला स्वतःला फरक पडला, तो खोटा का?

तुमचा आराम खरा आहे. प्रश्न त्याच्या कारणाचा आहे. जुनाट दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणं शिगेला असताना, आणि त्यानंतर ते आपसूक थोडं उतरणारच असतं. शिवाय आशेनं मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. आणि दिवसाला दीड लिटर पाणी नेमाने पिणं, त्यासाठी चार वेळा उठणं, हेही कित्येकांच्या बाबतीत नवंच असतं.

पोटातही हायड्रोजन तयार होतो म्हणे?

होतो. न पचलेली साखर आणि तंतू मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. वाल, हरभरा, राजमा खाल्ल्यावर पोट फुगतं त्यात त्याचा वाटा असतो. दूध पचत नसल्याची शंका आली तर डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजतात, तो मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमने वाढला तर तपासणी सकारात्मक धरतात. हायड्रोजनने पूर्ण भरलेल्या एक लिटर पाण्यात वायू असतो जेमतेम १८-२० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. आतड्यात दिवसभर तयार होणाऱ्या वायूच्या मानाने हे फार नाही. मग तेवढ्याशा पाण्याने असर का व्हावा, हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे.

अल्कलाइन पाण्याचं यंत्र आणि हायड्रोजन पाणी एकच का?

यंत्रात विजेने पाणी फोडलं की एका बाजूला पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यात थोडा हायड्रोजनही येतो, म्हणून घोळ होतो. हायड्रोजन स्वतः पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, बदलत नाही. आणि अल्कधर्मी पाणी पोटातल्या आम्लात गेलं की त्याचा तो गुण संपतो.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या प्रात्यक्षिकात दोन ग्लास ठेवले होते. थेंब टाकले तसं नळाचं पाणी पिवळसर झालं आणि यंत्राचं जांभळं. बघणाऱ्या बायकांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. पण तो रंग पीएचचा होता, हायड्रोजनचा नव्हे. हळदीत चुना कालवून कुंकू लाल करतात त्यातलाच तो प्रकार. हायड्रोजन मोजायला वेगळं उपकरण किंवा वेगळा रंगद्रव थेंब थेंब मोजून टाकावा लागतो.

बाटल्यांचंही तसंच. प्लॅस्टिकमधून हा वायू झिरपून जातो. जपानच्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राने २०१६ मध्ये बाजारातली हायड्रोजन पाणी तपासली, तेव्हा प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या दोन उत्पादनांत हायड्रोजन सापडलाच नाही.

गोळ्या टाकून पाणी करतात, त्या सुरक्षित आहेत का?

त्या गोळीत धातुरूप मॅग्नेशियम असतं. पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन सुटतो आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मागे राहतं, म्हणजेच जुलाबाचं पांढरं औषध. धडधाकट माणसाला फार तर पोट ढिलं होईल. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साचतं, ते धोक्याचं. आणि जुनाट दुखण्यासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासल्याशिवाय घेऊ नका.

घरी वायू हुंगायचं यंत्र घ्यावं का?

माझं स्पष्ट उत्तर आहे : "नाही". हवेत हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने भडका उडू शकतो. वरच्या रुग्णालयातल्या चाचणीत २ टक्केच का दिला, ते यावरून कळेल. बंद खोली, कोपऱ्यात देवापुढे निरांजन आणि नाकात नळी, हे चित्र मला झोपू देत नाही.

आमवाताच्या गोळ्या कमी करता येतील का?

आईची हकिकत इथे सांगते. त्या प्रात्यक्षिकानंतर तिने हप्त्यावर यंत्र घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं, "काकू, गोळ्या हळूहळू सोडा, शरीर स्वच्छ होऊ दे." तिने मला न सांगता मेथोट्रेक्सेट थांबवलं. पहिले पंधरा दिवस तिला खरंच हलकं वाटलं. सहाव्या आठवड्यात सकाळी तिची मूठ वळेना. कुकरचं झाकण तिने माझ्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता उभी राहिली. तेव्हा मला कळलं.

आमवातात दुखणं आणि सांध्याची झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणं कमी झालं तरी आत हाड कुरतडलं जात असू शकतं, आणि ती हानी परत भरत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे आणि ते झीज रोखतं. सोडायचं, कमी करायचं ते फक्त तुमच्या डॉक्टरांनी. प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांनाही हेच लागू. ती एकदम तोडली तर वेगळाच त्रास होतो.

संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला परवानगी आहे का?

नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत संधिवात आहे. तशी जाहिरात दिसली तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

नुसतं पाणी पिऊन बघितलं तर काय बिघडलं?

शरीराचं फारसं नाही. आतापर्यंतच्या अभ्यासांत पिण्याच्या हायड्रोजन पाण्याने गंभीर अपाय झाल्याचं दिसत नाही. बिघडतो तो पैसा, आणि त्याच पैशात व्हायचं दुसरं काही. दीड-दोन लाखांच्या यंत्रात कितीतरी महिन्यांचे व्यायामाचे धडे, चांगली गादी, मानसोपचारतज्ज्ञांकडच्या भेटी आणि डॉक्टरांची फी निघते. मुरलेल्या दुखण्यावर हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामामागे हायड्रोजनपेक्षा कितीतरी जास्त पुरावा आहे. तो कष्टाचा आहे आणि त्याला ग्लासात जांभळा रंग येत नाही, हे मला मान्य आहे.

भारतात चाचणी चालू असेल तर भाग घेऊ का?

आधी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक शोधा. १५ जून २००९ पासून अशा चाचण्यांची नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. तुलनेचा गट आहे का, किती रुग्ण आहेत, नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का, हे वाचा. जो तुमच्याकडून पाण्याचे किंवा यंत्राचे पैसे मागतो तो चाचणी करत नाही, विक्री करतो आहे.

कुठला निकाल आला तर तुमचं मत बदलेल?

नसांचं किंवा कमरेचं दुखणं सहा महिन्यांहून जुनं असलेले निदान दोनशे रुग्ण. चिठ्ठ्या टाकून दोन गट. पाण्यातला हायड्रोजन प्रत्यक्ष मोजलेला. नकली पाणी दिसायला, चवीला हुबेहूब. सहा महिन्यांनी झोप, चालणं आणि दुखण्याचे गुण, तिन्ही मोजलेले. आणि हे सगळं यंत्र न विकणाऱ्या दोन वेगळ्या गटांनी केलेलं. असा निकाल चांगला लागला तर मी स्वतः पेशंटना पाणी लिहून देईन, आणि आईचं माळ्यावर ठेवलेलं यंत्रही खाली काढीन.